त्रेपन्नावा आठवडा

प्रिय ताई,

पत्राच्या आरंभी कुशल विचारायची रीत आहे, पण त्याआधी एक तक्रार दाखल करून घे. माझं मागचं पत्र तू न फोडता परत पाठवलंस, याबद्दल मला काही म्हणायचं नाही. न वाचणं हा वाचकाचा मूलभूत हक्क आहे, आणि छापखान्यात सत्तावीस वर्षं मुद्रितं तपासणाऱ्या माणसाइतकं त्या हक्काचं मोल कुणालाच कळत नाही. पण पत्र परत करताना त्यावरचं तिकीट वाफ देऊन काढून घेणं? ताई, पाकीट माझं, तिकीट माझं, त्याला लावलेली थुंकीसुद्धा माझीच. याला कोणत्याही शास्त्रात चौर्यच म्हणतात. तेही धड केलेलं नाहीस. तिकिटाचे दोन दाते पाकिटालाच चिकटून राहिले आहेत. सहावीत असल्यापासून तू तिकिटं जमवतेस. तुझ्या हातून असा कोपरा कधी फाटत नव्हता.

म्हणून हे पत्र टपालाने न पाठवता भाचीच्या हाती देतो आहे. तुझ्या हातात पडलं तर त्याचे तुकडे होतील, तेव्हा तिने ते तुला मोठ्याने वाचून दाखवायचं, अशी आमची बोली झाली आहे. भाचीबाई, घसा साफ करा. मध्येच आई ‘पुरे’ म्हणाली तर तुम्हाला ऐकू आलेलं नाही. जमेल, तुमच्या बाबांना तीस वर्षं जमतं आहे.

तर बातमी अशी की मी फसलो. निदान तुझ्या कानावर तसंच आलं असणार. धाकट्याने म्हणे परदेशातल्या कुणा अनोळखी माणसाकडून टाइमशेअर विकत घेतला, तोही वापरलेला. ऐकीव माहितीवर निकाल देऊ नयेस म्हणून मूळ पाठ सांगतो. एका तळ्याकाठी सुट्टीला राहायची एक इमारत आहे. तिथल्या प्रत्येक खोलीचे वर्षाच्या आठवड्यांप्रमाणे तुकडे केलेले असतात, आणि एकेका तुकड्याला एकेक मालक असतो. तुझा आठवडा आला की खोली तुझी. संपला की चावी दे आणि चालू लाग. चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीचा असा एक आठवडा मी घेतला. होय, घेतला. हे मी मान खाली घालून सांगत नाही, भाचीने आवाज चढवून वाचावं अशा बेताने लिहितो आहे. आणि तो एकट्याच्या नावावर घेतलेला नाही. दोन नावं आहेत, माझं आणि तुझं. पहिला आठवडा या वर्षाच्या अखेरीस येतो आहे आणि तेव्हा तू तिथे यायचं आहेस. आता ‘पुरे’ म्हणून झालं असेल तर पुढे ऐक.

आपल्या घराण्यात सल्ला देणाऱ्यांची कधीच टंचाई नव्हती. या खेपेला तर महापूर आला. भाऊजी मला चोरून फोन करतात (हे तुला माहीत नव्हतं, आता झालं), ते म्हणाले, “अरे, वेळ कसला विकत घेतोस? रिटायर झाल्यापासून माझ्याकडे पोत्याने पडून आहे, घेऊन जा की!” माझा मुलगा म्हणाला, “बाबा, नेटवर वाचा जरा. लोक हे टाइमशेअर फुकट द्यायला बसलेत, तरी कुणी घेत नाही.” वाचलं. खरं आहे. दरवर्षी देखभालीची रक्कम भरावी लागते आणि ती वाढत जाते, हेही खरं. परदेशी विकणारा पैसे घेऊन अंतर्धान पावतो, असे किस्से तर इतके की त्यांची पोथी बांधता येईल. पूर्वपक्ष मी पुरता ऐकून घेतला. संस्कृतच्या गुरुजींनी लहानपणी तेवढंच तर शिकवलं: समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा नीट मांडून दाखव, आणि मग त्याला न जुमानता आपलं कर. दुसरा भाग त्यांनी शिकवला नव्हता, तो मी तुझ्याकडून घेतला.

विकणारा म्हणजे एक म्हातारा बसड्रायव्हर. उमेदीच्या काळात इथे नोकरीला होता तेव्हा त्याने तो आठवडा घेतला. पुढे मायदेशी परतला, पण आठवड्यासाठी समुद्र ओलांडून येत राहिला. आता गुडघे वाकत नाहीत आणि विमानात ते वाकवूनच बसावं लागतं, म्हणून विकायला काढला. त्याची परकी भाषा मोडकी आणि माझी पोथीनिष्ठ. मी लिहायचं, “परमादरणीय महोदय, आपल्या कृपापत्राची पोच सविनय देत आहे,” आणि त्याचं उत्तर यायचं, “चमचे सहा. एक वाकडा.” ताई, या माणसाने मला त्या खोलीतल्या दोषांची यादी पाठवली. तिसरा खण अडकतो, वर उचलून ओढावा. लिफ्टला घाई नसते. न्हाणीघराचा नळ पहाटे कुणी खाकरल्यासारखा आवाज करतो, घाबरू नये. शेवटी त्याने विचारलं होतं, “हे कुणी घेत नाही. तुम्ही का घेता?” ठग जर एवढे प्रामाणिक होऊ लागले असतील, तर जगाची प्रगती माझ्या कल्पनेपेक्षा फारच पुढे गेली आहे.

तरी नुसत्या भोळेपणावर विसंबलो नाही. मूळ प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय मी विरामचिन्हदेखील सोडत नाही. रजा टाकली, चार तास बसने गेलो आणि त्या इमारतीच्या कार्यालयात जाऊन उभा राहिलो. काचेपलीकडच्या बाईंनी नोंदवही काढली, नाव लावून पाहिलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, “मालक हेच आहेत, बाकी काही थकलेलं नाही. पण काका, इथे लोक सोडवा म्हणून रडत येतात. घ्यायला आलेले तुम्ही पहिलेच. घरी विचारलंय ना?” मी म्हटलं, विचारलं आहे, सगळे नाही म्हणाले आहेत. त्यांना माझी दया आली असावी. दहा मिनिटांसाठी चावी दिली.

खोली साधी आहे. दोन पलंग, एक गोल टेबल, भिंतीला कसलाही रंग म्हणता येणार नाही असा रंग. पण खिडकी! अख्खी भिंतच खिडकीची. खाली तळं, पलीकडे डोंगराची एक रेघ, आणि मध्ये पाण्यावर एक लाकडी धक्का, तुझ्या नकाशातल्या तुटक रेषेसारखा. भूमापन खात्यात तू तेहतीस वर्षं तळ्यांचे काठ काढलेस. खरं तळं निवांत किती वेळा पाहिलंस? खिडकीची कड रुंद आहे, दोन माणसं उशीला टेकून बसू शकतील, पाय एकमेकांना लागतील इतपत. दारापासून खिडकीपर्यंत अकरा पावलं. वाटेत उंबरा नाही, पायरी नाही. का मोजली विचारू नकोस. मोजली.

पुढचं सगळं कायद्याने झालं. पैसे वकिलाकडे ठेवले. नोंदवहीत नाव बदलल्यावरच ते समुद्रापलीकडे गेले. नाव बदललं. रंगीत प्रमाणपत्र आलं. आणि आता ज्या प्रसंगाची तू खुर्ची पुढे ओढून वाट पाहत असशील, तो सांगतो. मोठेपणाने सांगतो, कारण तो तुला दुसरीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेला बरा.

प्रमाणपत्र मी छापखान्यात नेलं. आमचा मशीनवाला जुना माणूस, जिभेला हाड नाही. त्याने ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, “पंडित, यावर आठवडा क्रमांक त्रेपन्न लिहिलंय.” मी म्हटलं, असेल. तो मागे गेला, बांधणीतून आलेली पुढच्या वर्षाची एक डायरी घेऊन आला आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाला, “दाखवा.” डायरीच्या समासात आठवड्यांचे क्रमांक असतात. एकावन्न होता. बावन्न होता. त्यानंतर पुठ्ठा होता.

वर्षात आठवडे बावन्न असतात, ताई. वरचा एखादा दिवस साचत साचत पाच-सहा वर्षांनी त्याचा एक जादा आठवडा होतो, तो त्रेपन्नावा. मी तो घेतला आहे. इतर मालकांना त्यांचा आठवडा दरवर्षी भेटतो. माझा पाच-सहा वर्षांतून एकदा जन्म घेतो. आणि यातली खरी गंमत मशीनवाल्याने पुढच्याच क्षणाला सगळ्या छापखान्याला ओरडून सांगितली: या डायऱ्या आणि दिनदर्शिका अठरा वर्षं कोण तपासतो? समासातला तो त्रेपन्न आजवर तीन वेळा कुणाच्या सहीने छापायला गेला? बांधणीतल्या बायका दुपारभर डोळे पुसत होत्या. तेव्हापासून मी रजा मागितली की व्यवस्थापक विचारतात, “कोणत्या आठवड्यात हवी? असलेल्या की नसलेल्या?”

घरी सांगितलं तेव्हा तुझी भावजय कपड्यांच्या घड्या घालत होती. हात न थांबवता म्हणाली, “पत्ते बावन्न असतात. त्रेपन्नावा जोकर. तो आपल्या घरात होताच, आता त्याला खोली मिळाली.” दुष्काळात तेरावा महिना ऐकला होता, मी त्रेपन्नावा आठवडा पदरमोड करून आणला.

मी संतापून ड्रायव्हरसाहेबांना दोन पानी पत्र लिहिलं. विश्वासघात, वंचना, सगळे शब्द वापरले. त्यांचं उत्तर चार ओळींचं आलं: “पहिल्या पत्रात तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं. तुम्ही उत्तरात ‘कायमचा’ या शब्दावर एक पान लिहिलं. मला वाटलं तुम्हाला समजलं. नको असेल तर परत घेतो, पैसे पूर्ण देतो.” जुनं पत्र काढून पाहिलं. तिसरी ओळ होती. मी खरोखरच करारातल्या ‘कायमचा’ या शब्दावर अडून बसलो होतो. त्याचा अर्थ आचंद्रसूर्य घ्यायचा की इमारत उभी आहे तोवर, यावर दोन संध्याकाळी घालवल्या आणि शेजारचा आकडा पाहिलाच नाही. शब्दाच्या शेंड्या धरून लोंबकळणाऱ्याचं असंच व्हायचं. हसून घे. भाचीबाई, आईचं हसून झालं की मग पुढचा परिच्छेद.

आता लक्ष देऊन ऐक. परत घेतो म्हणणारा माणूस समोर होता, पैसे पूर्ण मिळत होते, आणि मी नाही म्हणालो. घरात सगळ्यांनी कपाळावर हात मारला. मुलाने तर मला समजावताना, मी त्याला पाढे शिकवताना जो आवाज लावायचो तो लावला. मी त्याला म्हटलं, बाबा रे, चूक माझी आहे आणि ती मला आवडली आहे. चुकीच्या मजकुराचा अर्थ बरोबर लागतो, असं आयुष्यात एकदाच होतं. तू मला सांग, ताई, तुला आणि मला दरवर्षी भेटणं झेपेल का? तिसऱ्या दिवशी तू म्हणशील, चहाचा कप असा ठेवतात का, आणि मी संस्कृतात पुटपुटेन. आपल्यासारख्यांना पाच-सहा वर्षांतून सात दिवस हेच प्रमाण योग्य आहे. तेवढ्यासाठी दरवर्षी देखभाल भरावी लागते, म्हणे. भरीन. लोक न वापरलेल्या व्यायामशाळेची वर्गणी भरतात, न उघडलेल्या पुस्तकांचं कपाट पुसतात. मी पाच वर्षं बंद राहणाऱ्या एका खिडकीचा खर्च उचलीन. ज्यांना हसायचं आहे त्यांनी रांग लावावी, मशीनवाला पुढे उभा आहे.

तुझ्या शपथेचाही विचार केला आहे, काळजी नको. चार वर्षांपूर्वी निबंधकाच्या कार्यालयात तू म्हणालीस, माझ्या दारात पाय ठेवू नकोस. मी म्हणालो, तुझ्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही, आणि तूही माझ्याकडे येऊ नकोस. दोघेही बोलल्याला जागलो. हट्टात आपण खरी भावंडं. पण ही खोली तुझं घर नाही आणि माझंही नाही. बाकीच्या आठवड्यांना ती कुणा दंतवैद्याची, कुणा शिक्षिकेची, कुणा नवपरिणीतांची असते. दार कंपनीचं, नळ कंपनीचा, पाणी तळ्याचं. शपथ अबाधित राहते. मी उलटसुलट सगळ्या बाजूंनी तपासलं आहे. या खेपेला आकडेसुद्धा.

त्या दिवसाबद्दल मात्र थट्टा करत नाही. आई गेल्यावर तिचं घर विकायची घाई मला होती, तुला नव्हती. तू कागदावर सही करता करता थांबलीस आणि विचारलंस, “मग आपण भेटायचं कुठे?” साधा प्रश्न होता. समोर कारकून होता, घेणारे होते, उशीर होत होता, आणि मी टेबलावर हात आपटून ओरडलो, “भेटायची गरजच काय आहे?” तू सही केलीस, पेनाचं टोपण लावलंस आणि निघून गेलीस. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला चार वर्षं लागली. उत्तर चौथ्या मजल्यावर आहे, तळ्याच्या बाजूला. मला मान्य आहे की ते घरासारखं घर नाही. पण तू ‘कुठे’ विचारलं होतंस, आणि आता माझ्याकडे पत्ता आहे.

सोबत एक अर्ज जोडला आहे. दुसऱ्या मालकाची सही लागते, त्याशिवाय वर्षअखेरीचं आरक्षण पक्कं होत नाही. सहीच्या जागी भाची बोट ठेवेल. येण्याचं तिकीट भाऊजींनी काढायचं कबूल केलं आहे. त्यांना यावरून बोलू नकोस, फार कमी वेळा ते माझ्या बाजूने असतात. तुझी भावजय पहिले दोन दिवस येईल आणि मग आपल्याला भांडायला मोकळीक देऊन परत जाईल, असं तीच म्हणाली. तू आली नाहीस तरी मी जाणार आहे. हे ऐकून ठेव. सातही दिवस जाऊन बसेन, दोन पलंगांपैकी एक रिकामा ठेवून, आणि सहा वर्षांनी पुन्हा जाईन. तुझ्यापेक्षा मी काही कमी हट्टी नाही.

आता जे लिहायचं होतं ते लिहितो, आणि भाचीने ते न थांबता वाचावं. ताई, मला माहीत आहे. मामाला मुळीच सांगायचं नाही, असं तू तिला बजावलं होतंस. तिने चैत्र संपेपर्यंत तोंड उघडलं नाही आणि मग एक दिवस फोनवर नुसती रडली. तिला रागावू नकोस. तुझी नजर कडांकडून आत आत मिटत चालली आहे, डॉक्टर वर्ष-दीड वर्ष म्हणतात, आणि मधलं जे उरलं आहे तेही मग जाईल, एवढं तिने सांगितलं. त्याच आठवड्यात मी तळ्याची खोली शोधायला लागलो. पुढचा त्रेपन्नावा येईल तेव्हा तू तळं ऐकशील, आणि ते तुला जमेल. तू कधी कशाला हरली नाहीस, तेव्हा त्याची मला चिंता नाही. पैशांची नाही, लोकांच्या हसण्याची तर अजिबात नाही. मला भीती एकाच गोष्टीची वाटते. तू मला शेवटचं पाहिलंस ते त्या टेबलापलीकडून, लाल होऊन ओरडताना. तुझे डोळे मिटायच्या आधी तू मला पुन्हा पाहिलं नाहीस, तर माझा तोच चेहरा तुझ्याजवळ कायमचा राहील. तसं होऊ नये, ताई. ये.

तुझाच,
धाकटा